घर न हलवणारा गेम

लातूरकरांनो, एकट्यानं खेळायचा बंदुकीचा चांगला गेम सुचवा. पण आधी आज दुपारचं ऐका.

नीटची परीक्षा संपली म्हणून लेकीनं नवे स्पीकर लावून गेम सुरू केला. पहिल्याच बॉम्बला मांडणीवरची भांडी खणखणली. भूकंप पाहिलेली माझी आई झोपेतून उठली आणि "भाईर पळा रे!" ओरडत थेट रस्त्यावर! मग काय, सगळी गल्लीच बाहेर. समोरच्या हॉस्टेलची पोरं तर पुस्तकांसकट.

खरं कळल्यावरही आई उंबरा ओलांडेना. लेक रडकुंडीला आली. "आजी, बंद केला गं. चल ना आत."

"गोळ्या लागतील तेवढ्या घाल पोरी, पर घर हलवू नको."

आहे का असा गेम? लवकर सांगा, आई अजून ओट्यावरच बसली आहे.