काढ्यातली गोळी आणि वांग्यावरचा आळ

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीही नाही — त्याच्या पोटात तर काही राहतच नाही! तुम्हाला सांगते, म्हणजे जीभ जरा सैल होईल. आज मला ती लागणार आहे.

सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावर मी शिक्षिका. आमच्या शाळेत खिचडी शिजवते ती नंदा. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. पाळी आली की ही बाई अंगाचं मुटकुळं करून चुलीपाशी बसायची. गोळी घे म्हटलं की हात झटकायची. "नको बाई, गोळी गरम पडते. झाडपाल्याचं द्या काय तरी." मग मी काढा केला — ओवा, शेपा, सुंठ, गूळ. माझ्या आईचा. दोन महिने पाजला. ढिम्म फरक नाही! आणि मी तर मोठ्या तोऱ्यात सांगून बसलेली, गुण येणार म्हणजे येणारच.

तिसऱ्या महिन्यात मी काय केलं असेल? सांगते, सांगते... दुखण्याची गोळी कुटली आणि काढ्यात ढवळली.

अर्ध्या तासात नंदा उठून भांडी घासायला लागली. "बाईंच्या हाताला गुण हाय" — पाड्यावर बोभाटा. बायका घरी येऊ लागल्या. मी फुगले. गूळ वाढवला की गोळीचा कडूपणा कळत नाही, हेही शिकले. वर्गात सातवीच्या मुलींना मात्र बजावत होते — कुणी काढा पाजला तर त्यात काय आहे ते आधी विचारा. काय म्हणावं या बाईला?

एकदा नेहमीची गोळी संपली. घरात दुसरी होती, ती टाकली. तासाभरात नंदाचे ओठ सुजले, डोळे मिटले, अंगभर गांधी उठल्या. जीपमधून मोखाड्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कुठली गोळी घेतली?

"नाय ओ, निस्ता बाईंचा काढा."

मग खाल्लं काय? वांग्याची भाजी. झालं, वांगं बंद!

मी तिचा हात धरून तिथेच उभी होते. तोंड का उघडलं नाही? भीती वाटली — आणि हाताचा गुण जाईल म्हणून जास्त वाटली.

नंदा बरी झाली. काढा मी त्याच दिवशी बंद केला. शेपा मिळत नाहीत अशी थाप मारली. पण वांगं म्हणजे तिचा जीव हो! सात वर्षं तोंडाला लावलेलं नाही. परसात लावते, भरीत करते, वास घेते आणि डबा माझ्या हातात देते. "खा बाई, माझ्या वाटचंपण खा." मी खाते. चवीला फार छान असतं, मेलं.

आता तिचा गुडघा धरलाय. आज तिला डॉक्टरांकडे न्यायचंय. ते दुखण्याचीच गोळी देणार — कदाचित तीच. आणि ती हिला चालत नाही, हे ठाऊक असलेली मी एकटी.

गोळीचं नाव चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवलंय. जीप यायला अवकाश आहे. ती बघा आलीच — लंगडतेय, हसतेय, हातात डबा. डबा घेण्याआधी सांगायचं.

वांग्याचा काही दोष नव्हता, नंदा. माझा होता.