लॉरीची उजवी सीट

लोरेटा बोनफान्तीच्या नाकावर राग असतो असं इंगममध्ये कुणी म्हणत नसे, कारण तो एवढ्याशा नाकावर मावणारा नव्हताच. ऑस्ट्रेलियातल्या उसाच्या त्या गावात तिनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. मागे कुणी दंगा केला तर ती बस उसाच्या कडेला उभी करायची आणि पोरं गप्प होईपर्यंत हाताची घडी घालून बसायची. मग शाळा बुडो नाहीतर परीक्षा. त्यातले पन्नाशीला आलेले बाप्ये अजूनही ती दिसली की सिगारेट पाठीमागे धरतात. लोरेटाचं सगळ्यांनी लॉरी केलं होतं, आणि ते तिला शोभायचंही.

निवृत्त झाल्यावर तिनं एक जुनी टोयोटा व्हॅन घेतली. मागच्या सीटा उपटून फळ्या ठोकल्या, गादी टाकली, गॅसची शेगडी बसवली. नवरा गेल्यापासून वर्षातून दोनदा ती एकटीच उत्तरेला निघायची. पण या महिनाअखेर तिला पंचाहत्तर पूर्ण होणार होती, आणि क्वीन्सलँडात पंचाहत्तरीनंतर डॉक्टरच्या दाखल्याशिवाय गाडीला हात लावता येत नाही. दाखल्याचं नुसतं नाव काढलं तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"आठव्या महिन्यापर्यंत पोट सांभाळत बस चालवलीय मी," ती म्हणायची. "आणि आता कालचं शेंबडं पोर मला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणार?"

या खेपेला शेजारची जॉइस हेमिंग्ज हट्टानं बरोबर आली. जॉइस चाळीस वर्षांची मैत्रीण, शाळेच्या कँटीनमध्ये जन्मभर पावाला लोणी लावलेली. तिला ना डास सोसत, ना पातळ गादी. गाडी तिलाही चालवता यायची, पण आपल्या व्हॅनची किल्ली लॉरी कुणाच्या हातात देत नसे. तरी ईस्टर संपल्यावर ती उशी काखेत मारून व्हॅनपाशी हजर झाली आणि डाव्या सीटवर जाऊन बसली.

बसली ती बसली, पहिल्या दिवसापासून तिनं लॉरीच्या डोक्याला कल्हई लावली. रस्त्यावरचा एकेक बोर्ड मोठ्यानं वाचायची.

"पुढे एकेरी पूल. अगबाई, समोरून ट्रक येतोय बघ केवढा."

"दिसतोय मला."

"साठच्या वर जाऊ नका. शाळा आहे. केळी, पिशवी चार डॉलर."

"जॉइस, मला वाचता येतं."

"मगरी आहेत, पाण्यात उतरू नका."

"तुला ढकलते की नाही बघ आता."

कुकटाउन गाठून परत फिरेपर्यंत बारा दिवस हेच. मुक्काम फुकटच्या तळांवर, आंघोळ नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर, संध्याकाळी भाव उतरलेले सॉसेज आणि कालचा पाव. यातल्या कशाचाच लॉरीला त्रास नव्हता. त्रास त्या तोंडाचा होता. रात्री डासांना शिव्या घालून थकलेली जॉइस सकाळी पुन्हा ताजीतवानी होऊन बोर्ड वाचायला बसायची, आणि लॉरीला वाटायचं, हिला एखाद्या पेट्रोल पंपावर विसरून जावं.

तेराव्या दिवशी घर तासाभरावर राहिलं. हायवेवर काम चालू होतं म्हणून लॉरीनं गाडी आतल्या रस्त्याला घातली. तो तिच्या बसचा जुना रस्ता. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस, कडेला चर आणि मध्ये ओढ्यावरची फरशी. डोंगरात रात्री पाऊस झाला होता, पाणी फरशीवरून वाहत होतं. जॉइसला डुलकी लागली होती. किती छान, लॉरीच्या मनात आलं. अशा पाण्यापुढे थांबून राहतात ते दक्षिणेकडचे पाहुणे. कडेच्या, पाण्याची खोली मीटरमध्ये दाखवणाऱ्या पट्टीवरचा आकडा पाहायचा, गिअर पहिला ठेवायचा, मध्ये थांबायचं नाही. एकतीस वर्षं हेच केलं होतं. तिनं पट्टीकडे पाहिलं आणि गाडी पाण्यात घातली.

गचका बसला तशी जॉइस जागी झाली. समोर पाहिलं आणि दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी ठेचकाळून बंद पडली. पुढची चाकं पाण्यात होती.

"डोकं फिरलंय का तुझं?" लॉरी ओरडली. "माझ्या गाडीचा ब्रेक ओढतेस?"

"पाणी किती आहे, लॉरी?"

"पॉइंट दोन. घोट्याला लागेल एवढं."

"परत वाच."

"पॉइंट दोन म्हटलं ना!"

तेराशे किलोमीटर जिचं तोंड बंद नव्हतं ती बाई गप्प बसली. लॉरी धाडकन दार उघडून उतरली आणि पट्टीकडे चालत गेली. चार पावलांवर गेल्यावर पॉइंटच्या आधी काहीतरी काळं दिसलं. दोन पावलांवर त्याचा एक झाला. एक पॉइंट दोन. छातीइतकं पाणी.

ती परत आली. जॉइसही खाली उतरली होती.

"कधीपासून माहिती आहे तुला?"

"नाताळपासून. माझ्या कचऱ्याच्या डब्याला हात करून मेरी ख्रिसमस म्हणालीस."

"म्हणजे ते बोर्ड..."

"मग काय, डासांना रक्त पाजायला आले होते मी?"

लॉरीचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या मुलीला का नाही सांगितलंस? डॉक्टरला का नाही?"

"डॉबर होऊ? मी?"

त्या भागात मैत्रिणीची चहाडी करणाऱ्याला डॉबर म्हणतात. चोराला एक वेळ बिअर पाजतील, डॉबरला पाणी विचारत नाहीत. हा कायदा लॉरीनं स्वतः बसमधल्या पोरांच्या तीन पिढ्यांना शिकवला होता. आता तिला त्या कायद्याचाच असा संताप आला की व्हॅनच्या पत्र्यावर तिनं मूठ आपटली.

"चुलीत गेला तुझा डॉबर! मी एखादं पोर चिरडलं असतं, जॉइस! तुझा डोळा लागला नसता तर मला कळलंही नसतं. मुकाट शेजारी बसून माझी लाज झाकत होतीस. कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही," जॉइस म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "तुझ्याकडून गाडी काढून घेतली तर तू घरात बसून काय करशील, ते मला बघवलं नसतं. बस."

लॉरीलाही रडू येत होतं, आणि त्याचा तिला सगळ्यात जास्त राग आला. जॉइसवर ओरडणं सोपं होतं. आकडा तिचा तिनंच चुकीचा वाचला होता, आणि तोही खात्रीनं.

मागून नगरपालिकेचा ट्रक आला. रस्ता बंदची पाटी घेऊन डॅरिल पावान उतरला. बसमध्ये मागच्या बाकावर बसून च्युइंगगम चिकटवणारा हाच. आता त्याला टक्कल पडलं होतं.

"मिसेस बी! बरं झालं थांबलात. वळायला जागा नाही इथे. दोन्हीकडे चर आहे, मागच्या शेताच्या गेटापर्यंत उलटीच न्यावी लागेल. दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं, आणा मी नेतो." तो हसला. "तुम्हाला काय, तुम्ही डोळे मिटून न्याल."

जॉइस खाली पाहू लागली. अजूनही ती तोंड उघडणार नव्हती, हे लॉरीला ठाऊक होतं.

तिनं किल्ली काढून जॉइसच्या हातावर ठेवली, बोटं दाबून मूठ मिटवली आणि गाडीच्या पुढून वळसा घालून, घोटाभर पाण्यातून, डाव्या दाराशी गेली.

"मागे उभा राहा आणि हिला हात दाखव," ती डॅरिलला म्हणाली. "गाडी माझी आहे. मला दिसत नाही. आजपासून ही चालवते."