अप्पांसाठी परगावची अ‍ॅम्ब्युलन्स

मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने आणि त्यांच्या दारात अ‍ॅम्ब्युलन्स. तरी ती विकत घ्यायला मी बेंगळुरूच्या गाडीत बसले, याचं कारण आमचे अप्पा. माझे वडील, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मणका गेल्यापासून त्यांना दहा मिनिटांच्या वर बसवत नाही. दोन वर्षांत दवाखाना सोडून कुठे गेले नाहीत. एकदा आंबा घाट बघायचा, एवढाच जप. झोपवून नेता येईल म्हणून मी जुनी अ‍ॅम्ब्युलन्स सुचवली, तर उसळले.

"इथल्या प्रत्येक अ‍ॅम्ब्युलन्समधून माझा कुणी ना कुणी दोस्त गेलाय. त्यात मी आडवा होणार नाही!"

म्हटलं, परगावची आणते. त्यावर नुसतं "बघू".

बेंगळुरूला बसवनगुडीत मी अण्णांकडे उतरले. अण्णा म्हणजे मैत्रिणीचे सासरे. घराणं कित्येक पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नडचा सढळ वापर. आधी त्यांनी मला तट्टे इडली (ताटलीएवढी चपटी इडली) खाऊ घातली, मग एका छोट्या दवाखान्याच्या मागच्या अंगणात नेलं. तिथे विकायला काढलेली गाडी पांढरी, टापटीप, आत फिनेलचा वास. ड्रायव्हर मंजण्णा सारखा बॉनेट पुसत होता.

"अण्णा, यात किती जण गेले, विचारा ना," मी हळूच म्हटलं.

"असं विचारतात का मा? इंजिन विचार!" अण्णांनी डोळे वटारले, पण विचारलं. मंजण्णाने तीन बोटं दाखवली. माझं तोंड उतरलं.

"स्वल्प थांब (जरा थांब)," अण्णा हसू लागले. "गेलेले मोजत नाही म्हणतो. जन्मले ते मोजतो. तीन! एक तर इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुलावर. ट्रॅफिक हलंना, बाळ थांबंना."

मी घासाघीस न करता गाडी घेतली.

पुढचे चार दिवस गॅरेजात गेले. नियमाप्रमाणे सायरन आणि लाल दिवा उतरवला. काचांवरची पांढरी फिल्म खरवडली आणि झोपल्या झोपल्या बाहेरचं दिसावं म्हणून खाट खिडकीच्या उंचीला बसवली. पडद्यांसाठी चिकपेटच्या कापडबाजारात गेले. कशासाठी हवेत, असं दुकानदाराने विचारलं. खरं सांगितल्यावर त्याने गंभीर चेहऱ्याने पांढरं कापड काढलं. मी पिवळ्या फुलांचं मागितलं, तेव्हा तो मला नीट न्याहाळू लागला.

निघताना अण्णांनी चाकांखाली लिंबं ठेवली. "इतकी वर्षं ही मुहूर्त न बघता धावली," म्हणाले, "आज बघून जाऊ दे."

गाडीवरची 'अ‍ॅम्ब्युलन्स' ही लाल अक्षरं पुसली होती, तरी त्यांच्या पुसट खुणा उरल्या होत्या. हायवेवर ट्रक बाजूला होत, मी ओशाळून हात हलवत असे. तुमकुरूजवळ मी इडलीसाठी थांबले, तर हॉटेलवाला शहाळं घेऊन थेट मागच्या दाराशी धावला. आत पेशंटच्या जागी फुलाफुलांचे पडदे. शहाळं मीच प्यायले, अगदी आजारी चेहरा करून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिरजेला पोचले. अप्पा काठी टेकत फाटकाशी आले. टायरवर काठी मारली, आत डोकावले.

"कोण गेलं यातून?"

"माहीत नाही. जन्मली मात्र तिघं," म्हणत मी पुलावरच्या बाळाची गोष्ट सांगितली. इथे नाही म्हणाले असते, तर पुढे मी कुठली गाडी आणणार होते?

अप्पांनी हाताने खाट दाबून पाहिली. मग काठी माझ्या हातात देऊन आत चढले, आडवे झाले आणि पडदा सरकवला.

"सायरन कुठाय?"

"काढला. नियम आहे."

"तीन बाळं झाली आणि सायरन काढला!" ते करवादले. "चल, एक चक्कर मार."

मी गाडी गल्लीबाहेर काढली. वळणावर मागून आवाज आला, "अगं, दुसरा टाक! क्लचवर पाय ठेवून घाट चढणार आहेस का?"

दोन वर्षांनी अप्पा कुणावर तरी असे ओरडत होते. मला इतकं बरं वाटलं, की पुढच्या वळणावर मी मुद्दाम गिअर चुकवला.