पर्मनंट छत्री

आमच्या सेक्शनमध्ये दोन गोष्टी कोणी फेकत नसे: वापरलेल्या टाचण्या आणि घडलेले किस्से. टाचण्या टेबलावरच्या बशीत जमत, किस्से माझ्या डोक्यात. बशी कंपनीकडे राहिली, डोकं घेऊन मी रिटायर झालो. आता संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठी आम्ही चार म्हातारे बसतो तेव्हा त्यातला एखादा किस्सा निघतोच, आणि कोणीतरी म्हणतं, हे लिहून काढा. माझी अडचण अशी की मी तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालेला माणूस. काहीही सांगण्याआधी ते तसंच घडलं होतं का, ही शंका मला आधी येते. पण हे किस्से इतक्यांदा सांगून झालेत की आता शंका घ्यायलाही उशीर झाला आहे.

तर, आमची कंपनी मोठी. रामटेककडच्या खाणींतून मँगनीज काढायचं आणि विलायतेला धाडायचं, हा तिचा धंदा. खाणी तिकडे, मालक लंडनला आणि कागद सगळे नागपुरात. त्या कागदांतली पत्रं आमच्या सेक्शनकडे. सेक्शनचे प्रमुख बापूराव, ऑफिशिएटिंग हेडक्लार्क. ऑफिशिएटिंग म्हणजे काम पूर्ण, पद अर्धं. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांना असं अर्धं राहून सात वर्षं झाली होती.

* * *

पहिल्याच दिवशी मला एक कोडं पडलं. बापूरावांच्या मोठ्या टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. एक हातांची, वेताची, ऐसपैस. दुसरी आम्हा सगळ्यांसारखी बिनहाताची. बापूराव बिनहाताच्या खुर्चीवर बसले होते आणि हातांच्या खुर्चीवर त्यांची काळी छत्री टेकली होती.

शेजारच्या वामनला मी हळूच विचारलं. वामनला गप्प बसता येत नसे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हातांची खुर्ची फक्त पर्मनंट हेडक्लार्कला. कंपनीचा नियम आहे."

"मग तिथे छत्री कशी?"

"छत्री पर्मनंट आहे. बापूराव राहिले."

बापूरावांनी मान वर केली नाही. लिहिता लिहिताच म्हणाले, "वामन, तिले सात वर्षांत एकदाही रजा लागली नाही. तुह्यं सांग."

* * *

बापूराव मॅट्रिक नापास. पण त्यांचा मसुदा साहेब न वाचता सही करत, अशी त्यांची ख्याती. आमच्या सेक्शनमधून चुकीचा कागद बाहेर जात नाही, हे ते दिवसातून एकदा तरी म्हणत, आणि ते खरं होतं. त्यांच्या हातात सदैव एक लाल पेन्सिल असे.

मला पहिलं पत्र लिहायला दिलं ते रेल्वेने मालाच्या वाघिणी कमी पाठवल्याबद्दल तक्रारीचं. मी तीन पानं लिहिली. त्यात न्याय, कर्तव्य आणि व्यापाराची नीती यांवर एकेक परिच्छेद होता. बापूरावांनी ती शांतपणे वाचली आणि लाल पेन्सिलीने एकेक ओळ खोडत शेवटपर्यंत गेले. मग पुन्हा वर आले.

"हे पाहा, 'सर' बरोबर लिहिलं तुम्ही. त्याच्या खाली आता वाघिणी किती पाहिजेत तेवढं लिहा."

तीन महिन्यांनी त्यांनी माझी लागोपाठ दोन वाक्यं न खोडता ठेवली. एम.ए.चा निकाल लागला तेव्हा मी पेढे वाटले नव्हते. त्या दिवशी वाटले.

* * *

बापूरावांच्या घरी लग्नकार्य होतं. त्यांच्या पत्नीला कोणा दूरच्या बाईने विचारलं, "तुमचे यजमान काय आहेत वं?"

"ऑफिशिएटिंग आहेत."

ती बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "अवं माय, हे तर कमिशनरहून लांब झालं."

ही गोष्ट बापूरावांनीच आम्हाला सांगितली आणि आम्ही पोट धरून हसलो. हसणं ओसरल्यावर ते छत्रीकडे पाहत म्हणाले, "तसं लांब नाही पाहिजे मले. आखूडच पाहिजे. नुसतं हेडक्लार्क. रिटायर व्हायच्या आधी एक दिवस लागलं तरी पुरे."

* * *

दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बापूराव पर्मनंट करण्याबद्दल अर्ज करत. अर्ज साहेबांकडे जाई. साहेब त्याच्या कोपऱ्यात एकच शब्द लिहीत, 'रिग्रेट'. मग त्या शब्दाचं रीतसर पत्र करण्यासाठी कागद पत्रांच्या सेक्शनकडे, म्हणजे आमच्याकडे, म्हणजे बापूरावांकडेच येई. आणि बापूराव स्वतःच स्वतःला नकार लिहीत.

एका वर्षी मला ते पाहवेना. मी म्हणालो, "बापूराव, यंदा मी लिहितो."

"लिहा. पण चूक नको."

मी लिहिलं. निदान शब्द तरी मऊ असावेत म्हणून 'कळविण्यास खेद वाटतो'च्या जागी 'अत्यंत खेद वाटतो' असं इंग्रजी केलं. बापूरावांनी वाचलं आणि लाल पेन्सिलीने 'अत्यंत' खोडलं.

"काहून खोडलं?"

"कंपनीले एवढं दुःख होत नाही गा."

* * *

मग जुने साहेब गेले आणि लंडनहून नवे, तरुण साहेब आले. जुने साहेब "कोई है" म्हणून ओरडत आणि चपराशी लक्ष्मण धावे. लक्ष्मण कुही गावाकडचा, पोरवयात लागलेला, बापूरावांच्या आधीपासून कंपनीत. नव्या साहेबांना ओरडणं रानटी वाटे. त्यांनी विजेची घंटी बसवली आणि नोटीस लावली: एकदा वाजली तर चपराशी, दोनदा वाजली तर हेडक्लार्क.

लक्ष्मणला ते फार लागलं. "साहेबाले माह्यं नाव घेता येत नाही का? देवळात वाजवल्यावानी वाजवून राहिला," असं तो दिवसभर पुटपुटत होता.

दुसऱ्या दिवशी घंटी दोनदा वाजली. बापूराव लिहीत राहिले. पुन्हा दोनदा वाजली. आम्ही त्यांच्याकडे पाहिलं. ते लिहीतच राहिले. शेवटी साहेब स्वतः बाहेर आले, लाल होऊन. बापूराव उठून उभे राहिले आणि त्यांच्या त्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "सर, नोटिशीत हेडक्लार्क असा शब्द आहे. ती जागा रिकामी आहे."

साहेबांनी हातांच्या खुर्चीकडे पाहिलं. छत्रीकडे पाहिलं. आत गेले.

दुसऱ्या दिवशी सुधारित नोटीस लागली: 'दोनदा: हेडक्लार्क, अथवा त्या जागी ऑफिशिएटिंग असणारा इसम.'

वामन उठून बापूरावांशी हात मिळवायला गेला. "अभिनंदन बापूराव. घंटीत तरी नाव लागलं."

* * *

त्यानंतर लंडनहून एक पत्र आलं. यापुढे पर्मनंट हेडक्लार्क पदवीधरच असावा, असा नवा नियम. तो सगळ्या सेक्शनांना फिरवायचा होता, म्हणजे आमच्याकडूनच जायचा. मी तो वाचला आणि माझ्या कानशिलांत ऊन लागल्यासारखं झालं, कारण सेक्शनमध्ये पदवीधर एकच होता.

बापूरावांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "यात क्रियापद नाही."

खरंच नव्हतं. लंडनच्या कोणा पदवीधराने घाईत अर्धंच वाक्य लिहिलं होतं. वामन खुर्चीवरून उडालाच. "बापूराव, तसंच राहू द्या. क्रियापद नाही तर नियम लागणार कसा? परत पाठवा लंडनला. जायला महिना, यायला महिना."

बापूराव हसले. लाल पेन्सिल घेतली, जिथे हवं होतं तिथे क्रियापद बसवलं आणि कागद लक्ष्मणच्या हातात दिला.

"आपल्या सेक्शनमधून असं जात नसते," ते म्हणाले.

* * *

मी फार अस्वस्थ झालो. बापूरावांना पक्कं करावं, नियम पुढच्यांसाठी ठेवावा, असा एक अर्ज मी साहेबांना चोरून लिहिला. पण लिहून झाल्यावर नेहमीचा रोग उपटला. इंग्रजी बरोबर असेल का? दोन दिवस तो खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी तो बापूरावांनाच तपासायला दिला. दुसरं कोण होतं?

त्यांनी तो वाचला. बराच वेळ वाचला. मी त्यांच्या कामाला 'उत्कृष्ट' म्हटलं होतं. ते त्यांनी खोडलं आणि वर लिहिलं 'अचूक'.

"उत्कृष्ट काय असते मले माहीत नाही. अचूक दाखवता येते."

अर्ज गेला. कोपऱ्यात 'रिग्रेट' होऊन परत आला. खाली साहेबांनी एवढंच जोडलं होतं की बापूराव रिटायर होईपर्यंत आहेत तिथेच राहतील, आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हेडक्लार्क म्हणून माझी पर्मनंट नेमणूक. ती ऑर्डर कोणी लिहिली, हे आता सांगायला नको. तिच्यात माझ्या नावापुढचं एम.ए. त्यांनी इतकं ठळक, वळणदार काढलं होतं की मी ते माझ्या पदवीच्या कागदावरही तसं पाहिलेलं नाही.

* * *

बापूरावांचा शेवटचा दिवस. चहा, हार, आणि साहेबांच्या सहीचं मानपत्र. मानपत्र साहेबांच्या स्टेनोने टाइप केलं होतं, आमच्याकडे आलंच नव्हतं. साहेबांनी मोठ्याने वाचलं: 'आमचे हेडक्लार्क श्री. बापूराव यांस...' नुसतं हेडक्लार्क. आखूड. स्टेनोची चूक असेल किंवा साहेबांचं मन, मला माहीत नाही. वामनने माझा हात दाबला. सही झालेल्या कागदावर, सगळ्या ऑफिससमोर, बापूरावांना तो एक दिवस मिळाला होता.

बापूरावांनी मानपत्र दोन्ही हातांनी घेतलं, डोक्याला लावलं, मग टेबलावर ठेवून खिशातून लाल पेन्सिल काढली. 'हेडक्लार्क'च्या आधी वरून एक खूण केली आणि तिथे लिहिलं, 'ऑफिशिएटिंग'.

साहेब जवळ आले. मग त्यांनी ती पेन्सिल मागून घेतली आणि दुरुस्तीपाशी, समासात, पुन्हा सही केली.

त्या दुपारी मी त्यांना माझा एक मसुदा दाखवला. खरं तर त्याची गरज नव्हती. तो खूण न होता परत आला. मी पान उलटून मागेही पाहिलं.

"काही नाही?" मी विचारलं.

"पेन्सिल साहेबाकडे राहिली," बापूराव म्हणाले, आणि खुर्चीवरची छत्री उचलून निघाले.

* * *

दुसऱ्या दिवशी मी ऑर्डर खिशात घालून आलो आणि बिनहाताच्या खुर्चीवर बसलो. उद्या तिकडे बसू, असं स्वतःला सांगितलं. यात आदर किती आणि भीती किती, ते मला आजही सांगता येत नाही. लक्ष्मण रोज सकाळी हातांची खुर्ची पुसायचा, माझ्याकडे एकदा पाहायचा आणि फडकं झटकून जायचा. असं करता करता सहा वर्षं गेली.

एके दिवशी लंडनचे बडे साहेब तपासणीला आले. सगळ्या सेक्शनांतून फिरत आमच्या टेबलाशी थांबले. हातांच्या रिकाम्या खुर्चीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही कोणाची?"

मी उभा राहिलो. उत्तर इंग्रजीत द्यायचं होतं. वाक्याचा कर्ता मिळाला, पण क्रियापद काही केल्या सापडेना. भूतकाळ घालावा की वर्तमान, इथेच मी अडकलो.

दारातून लक्ष्मण पुढे आला. त्याने सलाम केला.

"बापूरावसाहब की है, हुजूर. छत्री लेके बाहर गये हैं."