काजूबीचा घोडा

राजारामपुरीत माझं काजूचं दुकान आहे. आजऱ्याहून एसटीच्या टपावर पोती टाकून आणत होतो, तिथून इथवर आलो, कुणाचा हात धरून नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की वरच्या मजल्यावरचे निवृत्त गुरुजी खाली येतात आणि आम्ही बुद्धिबळ मांडतो. दोन वर्षांपूर्वी चारचौघांसमोर ते म्हणाले, "शेट, तुम्ही खेळत न्हाय. बाजार करताय."

मी पट उधळला. एक काळा घोडा गटारात गेला. त्याच्या जागी तेव्हापासून सालासकट काजूबी ठेवतो.

राग गेला नाही, पण बोलणं खोटंही नव्हतं. सुरुवात मला बरी जमायची. मधल्या डावात मोहरी एकमेकांत गुंतली की हात शिवशिवायचा. शह देता येतोय, दे. प्यादं फुकट मिळतंय, घे. गुरुजींचा राजा एक घर सरकायचा आणि माझाच वजीर आत अडकायचा. दुकानात गिऱ्हाईक पायरी उतरलं तरी मी हाक मारत नाही. पटावर तो धीर कुठं जायचा, कोण जाणे.

मग सवय लावून घेतली. खेळी सुचली की हात मांडीखाली. आधी बघायचं, गुरुजींनी हे मोहरं इथं का आणलं. मग बघायचं, माझं कुठलं मोहरं नुसतं बसून आहे. बहुतेक वेळा ती काजूबीच असायची, कडेला पडलेली. तरी हरतच राहिलो. हरण्यापेक्षा हरून घरी जाऊन जेवायचा कंटाळा जास्त.

मागच्या आठवड्यात गुरुजी म्हणाले, "सोमवारी गडमुडशिंगीला लेकीकडं चाललोय. कायमचा. गुडघं जिना चढू देईनात." मी पुसलेला काटाच परत पुसत बसलो. माणूस जातोय म्हणून, की त्यांचा तो 'बाजार' शब्द तसाच राहतोय म्हणून, सांगता येत नाही.

शनिवारी शेवटचा डाव मांडला. काळी माझ्याकडं. दोनदा शह देता येत होता, दिला नाही. तीन खेळ्या घालवून काजूबी मध्ये आणली.

"शेटचा आवाज बसलाय काय? शह ऐकू येईना."

मी त्यांच्या राजाशेजारी, अगदी कोपऱ्यात, हत्ती नेऊन शह दिला. हत्तीला कुणाचा जोर नव्हता.

"फुकट?"

"घ्या की."

राजाला पळायला घर नव्हतं. त्यांनी राजानंच हत्ती मारला. काजूबीनं उडी घेतली. राजाला शह, आणि त्याच उडीत वजीरही माऱ्यात.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मी त्यांनी शब्द मागं घ्यायची वाट बघत होतो.

"हत्ती दिलासा, वजीर घेतलासा," ते म्हणाले. "हा तर पक्का बाजार की."

भडकायला हवं होतं. नुसतं दमल्यासारखं झालं.

"मांडा परत," गुरुजी म्हणाले, "आता काळी मला," आणि काजूबी उचलून त्यांनी आपल्या बाजूला ठेवली.