नऊ गुणांचं कातरलेलं कार्ड

आधी माझा गाढवपणा कबूल करते. धाकट्या भावाच्या क्रिकेटच्या कार्डाच्या चारही कडा मी ब्लाऊजच्या कात्रीनं कातरल्या होत्या.

च्युइंगगमच्या पुडीत खेळाडूंची कार्डं निघायची, तेव्हाची गोष्ट. पोरं ती भिंतीवर आपटून खेळत, कडा पिंजून जात. माझा शिवणक्लास नुकताच लागला होता आणि आम्हा बाईसाहेबांचे कुठं दशी दिसली की हात शिवशिवायचे. एकाच बॉलरची दोन कार्डं होती, त्यातलं एक मी सरळ करून दिलं. शाबासकीची वाट बघत बसले होते, बावळट. भाऊ आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी कार्डं ठेवायचा बिस्किटाचा डबाच माझ्यापुढे आदळला. "घे, बाकीची पण काप."

तो डबा लग्नानंतर माझ्याबरोबर केडगावला आला. गेल्या वर्षी नातीनं त्यातली ती दोन कार्डं तपासणाऱ्या कंपनीकडे पाठवली. जुन्या कार्डाचा दर्जा ठरवून, प्लास्टिकच्या डबीत बंद करून, वर दहापैकी आकडा लावून देतात म्हणे. झिजलेल्याला चार मिळाले. माझ्या कात्रीखालून गेलेल्याला नऊ, 'कडा उत्तम' या शेऱ्यासकट. मी तोंडात पदर कोंबून हसले.

नात म्हणाली, "कापलेलं असतं तर त्यांनी आकडाच दिला नसता."

"अगं, मीच कापलंय."

"आजी, ते तज्ज्ञ आहेत."

"असतील. कात्री माझ्या हातात होती."

तिला कार्ड विकून लॅपटॉप घ्यायचा होता आणि जुनी कार्डं जमवणारे श्रीगोंद्याचे एक मास्तर ते बघायला येणार होते. "तू फक्त चहा कर," तिनं बजावलं. मी चहा केला, पण शिवणाचा टेपही पदराखाली घेतला. एकदा पोरपणी कापलं ते कापलं, आता म्हातारपणी त्यावर गप्प बसायचं नाही, एवढं ठरलं होतं.

मास्तर नऊचा आकडा बघून हरखले. कार्डाकडे त्यांनी नीट पाहिलंच नाही, आकड्याकडेच बघत राहिले. मी दोन्ही डब्या खिडकीच्या उजेडात एकावर एक धरल्या. नऊवालं सगळीकडून तांदळाच्या दाण्याएवढं कमी. टेप लावून दाखवला आणि शिवणक्लासपासून सगळं सांगितलं. नात कपाळाला हात लावून बसली.

मास्तरांनी स्वतः दोनदा मोजलं. चहावर साय धरली तरी कपाला हात लावला नाही. पोरीचा लॅपटॉप आपण बुडवला, असंच मला वाटलं. पण सांगितल्याचा पस्तावा मात्र नव्हता.

मग त्यांनी नऊवाली डबी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "आजी, मला ते चारवालं द्या. डब्यातली बाकीची पण काढा, सगळी टेपनं मोजून विकत घेतो. फक्त ती कात्री आधी शेजाऱ्यांकडे ठेवून या."