आमसुली साडीचा पदर

सुनंदा गेल्याचं मला तिच्या साड्यांच्या पेजवरून कळलं. मी भाचीच्या बाळाच्या बारशाला औंढ्याला गेले होते. तिच्या घरातून कुणी मला फोन करायच्या आधी पेजवर टाकून झालं होतं... हार घातलेला फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि कोपऱ्यात ऑर्डरचा नंबर तसाच. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागलेली. त्या रांगेत कुणा बाईनं विचारलं होतं, "फोटोतली आमसुली साडी आहे का? प्राईस प्लीज." पुढ्यातल्या घुगऱ्या तशाच ठेवून मी कळमनुरीची एसटी पकडली. आता महिना होऊन गेला, पण राग काही जात नाही.

सुनंदा डोंगरकडा गावाकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. लग्न होऊन ती आमच्या गल्लीत आली. मी ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही. तिनं पुढच्या खोलीत साड्या विकायला ठेवल्या आणि गल्लीतल्या गिऱ्हाइकांवर भागेना, तेव्हा खुर्चीला फोन बांधून लाईव्ह सुरू केलं. रोज संध्याकाळी, आणि सुरुवात ठरलेली, "आल्या का समद्या? जेवल्या का?" बापानं मेंढीच्या पाठीवरून हात फिरवावा तसा ती साडीवरून हात फिरवायची. खोट असली तर आधी सांगायची. "हिचा रंग पहिल्या धुण्याला जरासा जाईल बरं का, मंग म्हणू नका." बायकांनी डोळे झाकून विश्वास ठेवला तो यामुळे. खोटं कशाला बोलू, त्या लाईव्हमुळे माझं मशीनही चालू राहिलं. पुणे-नागपूरला जाणाऱ्या साड्यांचे फॉल मी कळमनुरीत बसून लावले. तेव्हा फोनवर माझा राग नाही. राग कशावर आहे ते सांगते.

अगदी पहिल्या गठ्ठ्यातली एक आमसुली साडी तिनं स्वतःसाठी काढून ठेवली होती. तिचे वडील, बापू, कळपातली एक मेंढी घरची म्हणून ठेवायचे, कितीही भाव आला तरी विकायचे नाहीत. तसंच हे. लाईव्हमध्ये कुणी विचारलं की ही हसून म्हणायची, "ती सोडून बोला. ती इकायची न्हाई, ती माझी हाय."

मग आजार निघाला. स्तनाचा कॅन्सर. नांदेडला केमो सुरू झाली आणि केस गेले. सुनंदानं डोक्यावरून पदर घेतला आणि लाईव्हला बसली, कारण चार दिवस दिसलं नाही की लोक पांगतात असं तिच्या नवऱ्यानं, दिलीपनं, तिच्या डोक्यात भरवलं होतं. पदर पाहून लोकांना कौतुकाचं काय भरतं आलं! किती संस्कारी ताई, आजकाल असं कोण राहतं, आमच्या सुनांना दाखवते... मागणी वाढली. दिलीपराव खूश. मी त्या दिवशी तिथंच फॉलच्या साड्या मोजून घेत होते. तिनं लाईव्ह संपल्यावर पदर मागं सारला तर हा म्हणतो कसा, "राहू दे की, काहून काढती? लोकायला लई आवडून राहिला." ती माझ्याकडं बघून हसली. टक्कल झाकलं तर संस्कार दिसले, म्हणाली. दोघी हसलो आणि मी पुन्हा साड्या मोजायला लागले.

उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी लाईट ये-जा करत होती. त्या दिवशी तिच्या अंगावर तीच आमसुली होती. कुणीतरी लिहिलं, "ताई, नेसलेल्या साडीचा पदर दाखवा." ती म्हणाली, ही विकायची नाही. "दाखवा तरी, नक्षी बघू द्या." दुसरीनंही तेच लिहिलं, तिसरीनंही. दुकानात बसलं की गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, ही तिची खोड. तिनं डोक्यावरचा पदर काढला आणि दोन्ही हातांवर पसरून फोनपुढं धरला.

स्क्रीनवर रडक्या तोंडांची चित्रं आली. एकीनं विचारलं, नवस होता का? आणि लगेच खाली, "पदर छान आहे. काठ जवळून दाखवा."

तिनं काठ जवळून दाखवला. उघड्या डोक्यानं.

पुढचं जास्त ओंगळ आहे. दिलीपरावांनी तेवढाच तुकडा कापला, मागं रडवं संगीत लावलं, वर 'आमची लढवय्या ताई' असं लिहिलं आणि सोडून दिला. गावोगाव फिरला तो. लोक म्हणे मदत म्हणून साड्या घेऊ लागले. सुनंदा माझ्याकडं आली, स्टुलावर बसली. मग म्हणाली, "आमचा बापू कातरलेली मेंढी बाजारात उभी करत नव्हता गं. वाळलेली दिसती, लोक नाही नाही ते बोलतेत म्हनून..." मी चहा ठेवला. तिला गेला नाही. समद्या जेवल्या का म्हणून रोज विचारणाऱ्या बाईला त्या हजारोंतल्या एकीनंही उलट विचारलं नाही, ताई तुम्ही जेवलात का? जाताना तिनं ती आमसुली माझ्या मशीनवर ठेवली. फॉल उसवलाय, नवा लाव, म्हणाली. न्यायला मात्र परत आली नाही.

ती गेली तेव्हा अंगावर घालायची शेवटची हिरवी साडी तिच्या माहेरहून भावानं आणली, नाहीतर तीही दुकानातूनच निघाली असती. तेराव्यानंतर पेजवर 'ताईंच्या आठवणीत खास सवलत' सुरू झाली. आणि परवा दिलीपराव माझ्या दारात. आमसुलीला लई मागणी आहे, व्यापाऱ्याला नमुना दाखवून तसल्याच गठ्ठाभर मागवतो, 'ताईंची आमसुली' म्हणून चालतील, म्हणाले. बोलता बोलता फोन माझ्याकडं वळवला. लाईव्ह चालूच होतं.

"जरा आमसुलीचा पदर उघडून दाखवा ताई, लोक वाट बघून राहिले."

"भाऊजी," मी म्हटलं, "ती इकायची न्हाई."

"इकायची कुठं? निस्ती दाखवायची."

"दाखवायची बी न्हाई. ती सुनंदाची हाय. फोन बंद करा."

ते पुटपुटत गेले. मला घमेंड आहे, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसते, असं आता गल्लीत सांगतात. सांगू देत.

फॉल सुनंदा साडी ठेवून गेली त्याच संध्याकाळी लावून झाला होता. आठवड्यातून एकदा साडी बाहेर काढते, घडी मोडून पुन्हा घालते, एकाच घडीवर राहिली की कापड विरतं. साडीची घडी घालताना पदर वर ठेवायचा, गिऱ्हाइकाला आधी तो दिसला पाहिजे, हे मला सुनंदानंच शिकवलं होतं. हिची घडी मी पदर आत घेऊन घालते.